भंडारदऱ्याला चार दिवस: कुठल्या वाटा चालाव्यात, कुठल्या पुढच्या खेपेला ठेवाव्यात

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याचं एक कुटुंब ऑक्टोबरच्या शेवटी गुरुवार ते रविवार भंडारदऱ्याला निघालंय. नवरा-बायको पंचेचाळिशीतले, मुलगा चौदाचा, मुलगी नऊची, आणि सोबत सत्तरीचे वडील. त्यांनी लिहिलंय: "कळसूबाई, रतनगड, सांदण दरी आणि जमलं तर हरिश्चंद्रगड अशी यादी केली आहे. क्रम कसा लावावा?"

क्रम लावण्याआधी यादीला कात्री लावा. बावीस वर्षं मी लोकांना या भागात फिरवतोय. चार दिवसांत चार मोठ्या जागा 'करून' परतलेल्या कुटुंबांकडून मी हमखास एकच गोष्ट ऐकतो: तिसऱ्या दिवशी कुणाचं तरी कुणाशी तरी भांडण झालं. पाय दुखत असले की माणूस निसर्ग बघत नाही, पुढच्याच्या टाचा बघतो. तुमच्या यादीतली एकच जागा माथ्यापर्यंत करा. बाकीच्या दिवसांत अशा वाटा चाला, ज्यांच्या शेवटी शिखर नाही. या मुलखात अशा वाटा ढिगाने आहेत, पण कुणी विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही.

आधी भूगोल समजून घ्या, म्हणजे गाडीचे हेलपाटे वाचतील. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं. त्याच्या मागे साठलेला तलाव तो आर्थर लेक. धरणाजवळचं गाव शेंडी. शेंडीतून एक रस्ता तलावाला पूर्ण वळसा घालतो: मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. तुमच्या यादीतलं रतनगड आणि सांदण या वळशावरच आहे. कळसूबाई घोटीच्या रस्त्याला, बारी गावात. हरिश्चंद्रगड मात्र वेगळ्याच दिशेला आहे. राजूरवरून त्याच्या पायथ्याच्या पाचनई गावाला जायचं म्हणजे जाण्यातच दीड-दोन तास गेले. तो या खेपेला सोडा. त्याच्याबद्दल खाली लिहितो, कारण तो सोडायला सांगताना माझा जीव वरखाली होतो.

पुण्याहून सकाळी लवकर निघालात तर गुरुवारी दुपारी शेंडीत पोचाल. जेवून थेट रतनवाडी गाठा. तिथलं अमृतेश्वराचं मंदिर आणि शेजारची कोनाडे असलेली दगडी पुष्करणी वडिलांना निवांत बघू दे. घाई नसलेल्या माणसासाठी ते मंदिर तासाभराचं आहे. बाहेरच्या भिंतीवरची नक्षी तिरप्या उन्हात उठून दिसते, म्हणून चारनंतरची वेळ बरी. बाकी चौघांनी तोवर मंदिरामागून रतनगडाची वाट धरायची, पण गडावर जायचं नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय. रतनगडाच्या वाटेतला माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग गडावर नाही, तो पायथ्याला आहे. वाट सुरुवातीला पाण्याच्या कडेने जाते, मग प्रवरेचं पात्र आडवं येतं. ऑक्टोबरअखेर पाणी घोट्याइतकं, फार तर पोटरीइतकं असतं. ते ओलांडलं की पुढे पुन्हा तेच पात्र, पुन्हा ओलांडायचं. मग रान दाट होत जातं आणि दुपारीही सावली सुटत नाही. हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा, आणि खाली कारवीचं दाट रान. इथून सव्वा-दीड तास आत गेलं की दुवाटा येतो: उजवीकडची वाट रतनगडाला, डावीकडची कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतकडे आणि पुढे हरिश्चंद्रगडाकडे. गुरुवारी मात्र तिथवर जायचं नाही. पाऊण तास आत जा, पात्रातल्या एखाद्या खडकावर बसा, चिवडा संपवा आणि साडेपाचच्या आत मंदिराशी परत या. त्या दिवसांत सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, पण रानात पावणेसहालाच अंधारून येतं. मुलीला पाण्यात पाय घालून चालायला मिळालं की पुढचे तीन दिवस ती स्वतःहून बूट घालेल.

त्या दुवाट्याची माझी एक जुनी फजिती आहे. मी तेव्हा नवीन होतो, बरोबर बारा माणसं, धुकं असं की पुढचा माणूस दिसत नव्हता. मळलेली वाट डावीकडे जाताना दिसली आणि मी बिनधास्त त्या वाटेने लागलो. तासभर चढलो. शिड्या यायला हव्या होत्या, त्या येईनात. मी मनात कारणं शोधत होतो: आपण हळू चाललोय, धुक्यात अंतर कळत नाही, वगैरे. तेवढ्यात वरून गुरं घेऊन एक पोरगा आला. त्याने आमच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "गडाला चालले काय? मंग इकडं कुठं? ही कुमशेताची वाट." बारा माणसांदेखत मान खाली घालून परत फिरलो. तेव्हापासून माझा एक नियम आहे. जे दिसायला हवं ते ठरल्या वेळेत दिसलं नाही की तिथेच थांबायचं आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे यायचं. पुढे जाऊन खात्री करायची नाही. या भागात ढोरवाटा माणसांच्या वाटांपेक्षा जास्त मळलेल्या असतात, आणि ढोरांना गडावर जायचं नसतं.

शुक्रवार कळसूबाईचा. वर जायचा दिवस हाच, कारण शनिवार-रविवारी शिड्यांवर रांग लागते. खालचे खाली येणाऱ्यांची वाट बघतात, वरचे वर येणाऱ्यांची, आणि ऊन मात्र कुणाची वाट बघत नाही. शिखर 1646 मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच, त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाला ते हवं असणार आणि ते त्याला द्यावं. नऊ वर्षांची मुलगीही जाते. तिची काळजी करू नका, तुमच्या गुडघ्यांची करा.

हिशेब असा धरा. बारीपासून माथा एका बाजूने साधारण साडेतीन किलोमीटर, चढ आठशे मीटरहून जास्त. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 पासून चालत आलेला एक आडाखा आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने कळसूबाई दोन-सव्वादोन तासांत व्हायला हवी. सवयीच्या माणसाची होतेही. पण त्या हिशेबात थांबणं नाही, फोटो नाहीत, मधेच ताक प्यायला बसलेली मुलगी नाही. कुटुंबासाठी मी सरळ साडेतीन तास धरतो आणि उतरायला तीन. उतरायला कमी वेळ लागतो हा गैरसमज शहरातल्या जिन्यांनी करून दिला आहे.

म्हणून पहाटे साडेपाचला बारीतून पाऊल टाका. बॅटरी प्रत्येकाची वेगळी, मोबाइलची नव्हे. पहिला अर्धा तास भातखाचरांच्या बांधांवरून आहे. त्या दिवसांत हळवी भातं कापणीला आलेली असतात, पीक पिवळं पडून वाकलेलं असतं आणि बांध दवाने निसरडे असतात. बांध सोडून खाचरात पाय घालू नका. एकाने घातला की मागचे दहा घालतात, आणि कुणाचं तरी वर्षाचं खाणं तुडवलं जातं. पुढे लोखंडी शिड्या येतात. त्या पक्क्या आहेत, कठडे आहेत. भीती वाटणाऱ्याला एकच सांगा: डोळे हातावर, तीन टेकू कायम. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा. मुलीच्या बरोबर खाली एक मोठा माणूस, अगदी एका पायरीच्या अंतराने, असा चढा. उतरताना तोंड शिडीकडे ठेवून उतरा, पाठ टेकवून नाही. शेवटच्या शिडीच्या आधी एक विहीर लागते. तिथे दम घ्या.

वर देवीचं छोटं मंदिर आहे. कळसू नावाच्या कोळ्याच्या मुलीची गोष्ट गावात कुणीही सांगेल: कामाला राहताना तिची अट होती की भांडी आणि केर करणार नाही, तिला तेच करायला लावलं, तेव्हा ती घर सोडून डोंगरावर निघून गेली ती कायमची. ही गोष्ट मी मुलांना शिडीखाली दमून बसल्यावर सांगतो, त्यावेळी ती चांगली लागू पडते. माथ्यावरून पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तिन्ही दुर्ग एका ओळीत दिसतात. माहिती सांगणारा भेटला तर ठीक, नाहीतर लक्षात ठेवा: मधला लहान आणि नेढं, म्हणजे कातळाला आरपार भोक, असलेला तो मदन.

एक वेळ आधीच ठरवा आणि सगळ्यांना सांगून ठेवा: साडेदहा. साडेदहाला जिथे असाल तिथून परत. माथा पंधरा मिनिटांवर दिसत असला तरी. दिसणाऱ्या पंधरा मिनिटांचा पाऊण तास होतो हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्यावर वाद घालत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात, सावली नसलेल्या सोंडेवरून दुपारी उतरणं म्हणजे डोकेदुखी, उलट्या आणि चिडचिड. पाणी माणशी तीन लिटर, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर किंवा ओआरएस. वाटेत लिंबू-सरबत मिळतं, पण त्यावर विसंबून रिकामे जाऊ नका. वडील त्या दिवशी बारीत एखाद्या घराच्या ओट्यावर बसतील. जेवण आदल्या दिवशीच सांगून ठेवा: पिठलं, नागलीची भाकरी, ठेचा आणि आमटी-भात.

उतरण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या पाहण्यातले बहुतेक मुरगळलेले घोटे उतरताना मुरगळले. पाऊस थांबून दोन-तीन आठवडे झाले की मुरमाची वाट वरून कोरडी होते आणि बारीक खडे मोकळे सुटतात. आम्ही त्याला घसारा म्हणतो. घसाऱ्यावर शहरातला माणूस दोन चुका करतो. एक, मागे कलतो, पाय सुटतो आणि बसकण मारतो. दोन, लांब पाऊल टाकतो. त्यापेक्षा गुडघे किंचित वाकवा, वजन पायाच्या पुढच्या भागावर आणा, पावलं वितीवितीची टाका आणि तीव्र उतारावर पाऊल आडवं टाका. आधाराला वाळलं गवत धरू नका, ते मुळासकट हातात येतं. कारवी धरायची तर बुडखाशी धरा, वरून धरलेली काडकन मोडते. बोटाएवढ्या जाडीच्या कारवीने, बुडाशी धरली तर, माझं शहाण्णव किलोचं वजन पेललेलं आहे. बुटांना महागडी कंपनी नको, तळव्याला खोल खाचा हव्यात. आमच्या पिढीने निम्मा सह्याद्री ॲक्शनच्या स्वस्त बुटांवर पालथा घातला. नवे बूट घेतले असतील तर निघण्याआधी आठवडाभर घरात, बाजारात वापरा. आणि पायाची नखं कापा. हसू नका, उतारावर अंगठ्याचं नख बुटाला टोचून काळं पडतं.

शनिवारी पाय बोलतील. त्या दिवशी गाडी काढा, तलावाचा वळसा पूर्ण करा, आणि दोनच ठिकाणी उतरून चाला. घाटघरच्या कड्यावर वडिलांनाही नेता येतं. नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात त्या गावाला. पावसाळ्यात तिथे हातातली छत्री दिसत नाही, पण ऑक्टोबरअखेर कोकण पायाशी उघडं पडतं. मग साम्रद.

सांदण दरीचा तुमचा बेत मी बदलतोय. सांदण म्हणजे जमिनीला पडलेली भेग. पठारावरून चालताना ती पन्नास पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. आत उतरलं की दोन्ही बाजूंना उभे कातळ, काही ठिकाणी दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत, आणि तळाशी घरंगळून आलेले धोंडे. पावसानंतर आतले पाण्याचे डोह लवकर आटत नाहीत. ऑक्टोबरअखेर पहिल्या डोहात मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत पाणी असू शकतं, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीच्या गळ्याशी. सूर्य आत पोचत नाही, त्यामुळे ते पाणी बर्फासारखं. पुढे दोर लावून उतरायचे टप्पे आहेत, तिथून खाली कोकणातल्या डेहणे गावात निघतात. ते काम पूर्ण तयारीच्या लोकांचं, आणि पाणी उतरल्यावर, डिसेंबरनंतर. तुम्ही दरीच्या तोंडापर्यंत जा, पहिल्या डोहाच्या अलीकडे दहा मिनिटं बसा, मान वर करून आकाशाची पट्टी बघा, परत या. मग दरीच्या काठाने, कड्यापासून अंतर राखून, पठारावर चाला. समोर रतनगड, त्याच्या शेजारी खुट्टा सुळका, पलीकडे बाणचा सुळका, आणि वळून पाहिलं तर अलंग-मदन-कुलंग. साम्रदच्या एखाद्या मुलाला वाटाड्या म्हणून बरोबर घ्या. दोन तासांच्या चालीत तो रानातली पंधरा झाडं दाखवेल. त्याची मजुरी निघण्याआधी ठरवा आणि ठरल्यापेक्षा थोडी जास्त द्या.

वाटेत आभाळ भरून आलं, लांब कुठे गडगडलं, तर दरीच्या तोंडाशीही थांबू नका. ऑक्टोबरमध्ये दुपारचा वळीव येतो, आणि सांदणीत पाणी यायला वरच्या पठारावर पाऊस पडला तरी पुरतो.

रविवारी परतीच्या वाटेवर अकोल्याहून थोडा वळसा घेऊन पट्टा किल्ला बघा. समशेरपूर, तिरडे करत पट्टेवाडीला गाडी जाते आणि तिथून चढ एवढा सौम्य की तब्येत ठीक असलेला सत्तरीचा माणूस काठी टेकत आरामात जातो. 1679 च्या अखेरीस जालन्याच्या स्वारीवरून परतताना मोगल फौज पाठीवर होती, तेव्हा बहिर्जी नाईकांनी आडवाटेने शिवाजी महाराजांना इथे आणलं आणि महाराजांनी इथे विसावा घेतला. म्हणून याचं नाव विश्रामगड. चार दिवस 'तुम्ही जा, मी बसतो' म्हणणाऱ्या आजोबांना एक गड स्वतःच्या पायांनी चढता यावा म्हणून मी हा रविवारी ठेवतो. समोर पवनचक्क्या फिरत असतात. काहींना त्या खुपतात, मुलांना मात्र आवडतात.

आता हरिश्चंद्रगड. तो पुढच्या हिवाळ्यात, वडिलांना न घेता, मुक्कामाच्या तयारीने करा. पाचनईची वाट सगळ्यांत सोपी, अडीच-तीन तासांची. वर पुष्करणी, हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, आणि केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्यात उभं असलेलं शिवलिंग, ज्याच्या भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. पण सगळे जातात ते कोकणकड्यासाठी. तो कडा नुसता उभा नाही, आत वाकलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. इथेच 1835 मध्ये कर्नल साइक्सने इंद्रवज्र पाहिल्याची नोंद आहे: पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मध्यात बघणाऱ्याची स्वतःची सावली. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी पाठीशी सूर्य आणि समोरच्या खोऱ्यात धुकं असं जुळून आलं तरच ते दिसतं. दिवसात जाऊन-येऊन करणाऱ्याला ती सकाळ मिळतच नाही. म्हणूनच घाईत करू नका म्हणतो. मला बावीस वर्षांत ते दोनदा दिसलं, आणि दोन्ही वेळा बरोबरची माणसं चहा करत बसली होती.

हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर पावती फाडावी लागते आणि मुक्कामाचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी ज्या घरी उतरणार तिथे फोन करून विचारा. शेंडी सोडली की मोबाइलची रेंज येते-जाते. भेटायची जागा आणि वेळ तोंडी ठरवून निघा. वाटेवर माकडं असतात, खाण्याची पिशवी हातात दिसली की ओढतात, सगळं सॅकच्या आत ठेवा. अंगाला अत्तर, डिओ मारून येऊ नका आणि कड्याखाली धूर करू नका, आग्या माशांची पोळी लटकलेली असतात.

काजव्यांबद्दलही विचारलं होतंत. ते मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या पावसाच्या आगेमागे. ऑक्टोबरमध्ये नाही. येणार असाल तर शनिवार टाळा. एका झाडासमोर चाळीस गाड्यांचे दिवे लागलेले असतात, आणि काजव्याचं चमकणं हे जोडीदाराला दिलेलं बोलावणं असतं. त्या उजेडात ते कुणाला दिसणार?

परतताना राजूरच्या बाजारात थांबून तांदूळ घ्या. काळभात मिळाला तर दोन किलो जास्त घ्या. मात्र शिजवताना पाणी रोजच्या हाताने घालू नका, पहिल्या वेळी आमच्या घरी त्याची पेज झाली होती.